फुलाचं साल, फळाचं साल

अकोला, ११ फेब्रुवारी २०१६

सीमा,

‘प्रिय’ लिहिलं तर तू पुढचं न वाचता पाकीट बाजूला टाकशील, म्हणून नुसतं सीमा. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तुझ्या फोटोच्या जागी करडा पुतळा दिसतो, म्हणजे मला ब्लॉक केलं आहेस हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. ईमेलला उत्तर नाही. राहता राहिलं पोस्ट. अमरावतीच्या पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस.

भांडण उकरायला लिहीत नाहीये. काम आहे आणि घाईचं आहे.

काल नईम आला होता. आपल्या संत्राबागांच्या सर्वेक्षणात गावोगाव गाडी फिरवताना सारखा कुरकुरायचा, तोच माझा भाऊ. अजून वरूडकडून अकोल्याला संत्री आणतो. शेंदूरजनाघाटला तुझे बाबा भेटले त्याला. जानरावकाका म्हणाले, मृगाच्या बहराचा माल उतरला की सगळी बाग काढून टाकायची, होळीनंतरचा जेसीबी सांगून ठेवलाय. नईम म्हणाला, काका, एवढी उभी झाडं, काहून? तर काका काय म्हणाले, ते नईमच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिते: “माह्या पोरीनंच तं लिहून ठेवलं. पंधरा वर्षांवरचं झाड पाऊस आला तरी फळ धरत नाई. मंग टँकर कोनासाठी बोलवू?”

त्यांनी पेपरातलं ते कात्रण, तुझा फोटो असलेलं, घडी करून खिशात ठेवलंय म्हणे.

सीमा, त्यांना थांबव. आपला निष्कर्ष चुकला असावा असं मला वाटायला लागलंय. ‘असावा’ लिहिते आहे, कारण खात्री करायला तू लागशील.

गेल्या महिन्यात राजस्थानातल्या झालावाडहून एक मेल आला. किरण धाकड नावाची मुलगी आहे, तिकडच्या संत्र्यावर संशोधन करते. तिनं आपल्या नोंदी उतरवून घेतल्या. हो, त्याच नोंदी, ज्या मी दिवाळीत नेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि ज्यांच्यावरून तू मला म्हणालीस, “सहा वर्षं उन्हात मी हिंडले, तू पंख्याखाली बसून बेरजा केल्या, आता घाम माझा आणि दार उघडायची हौस तुझी.” ती लिहिते, “मैडम, आपके पुराने बगीचे बारिश के एक साल बाद फल देते हैं। पेड़ इतने आलसी नहीं होते।”

मी दोन वेळा हसले आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर हसू गेलं. बाकी पुढच्या पत्रात. आधी काकांना फोन कर.

महेजबीन


अकोला, २० फेब्रुवारी २०१६

सीमा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तुझ्यापेक्षा चिवट आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. किरणचा मेल आल्यावर मी आधी तुला नाही, काकांना फोन केला होता. तू उचलत नव्हतीस, मग मी काय करू? विचारलं, काका, आत्ता मृगाची संत्री उतरतायत, हा माल कोणत्या सालचा धरता? ते म्हणाले, “आमी सोता तोडला तं तोडला त्या सालचा. व्यापाऱ्यानं झाडावर घेतला तं सौदा झाला त्या सालचा. त्यात काय इचारतेस व पोरी?” वर म्हणाले, मी बोललो हे सीमाला सांगू नको. तेव्हा तू ऐकलंच नाहीस असं समज.

फोन ठेवला आणि आपले तक्ते पुन्हा उघडून बसले.

बागायतीतलं मी तुला शिकवणार नाही, पण माझ्या डोक्यात नीट बसावं म्हणून मांडते. मृगाची फुलं येतात जून-जुलैत आणि फळ उतरतं पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकाच पिकाचे पाय दोन सालांत. ज्याची बाग व्यापारी दिवाळीच्या सुमारास झाडावरच विकत घेतो, तो सांगतो सौद्याचं साल, म्हणजे फुलाचं. जो स्वतः तोडून बाजारात नेतो, तो सांगतो तोडणीचं साल, म्हणजे फळाचं. आपण सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, ‘हा माल कोणत्या सालचा?’ आणि सगळ्यांनी खरं तेच सांगितलं.

आता पुढचं बघ. जुन्या बागा व्यापारी घेत नाही. फळ बारीक, बाग लहान, गाडी भरत नाही. म्हणजे जुन्या बागांची मंडळी बहुतेक स्वतः तोडणारी आणि त्यांचं साल एकाने पुढे गेलेलं. चांगला पाऊस एका साली, त्याचं फळ आपल्या तक्त्यात दुसऱ्या साली, जेव्हा पाऊस कमी. मी पाऊस आणि फळ शेजारी ठेवलं, नव्या बागांचं जुळलं, जुन्यांचं जुळेना. आपण लिहून मोकळ्या झालो की झाड म्हातारं झालं, त्याला पावसाचं काही वाटेनासं झालं.

झाडाला सगळं वाटत होतं ग!

पण ही अजून माझी अटकळ आहे. कोण स्वतः तोडतो आणि कोण झाडावर विकतो हे आपल्या नोंदींत नाही, कारण ते घालू नको असं तूच म्हणाली होतीस. व्यापाऱ्यांना कळेल कोण अडलेला आहे, भाव पाडतील. तो मुद्दा तुझा बरोबर होता आणि मी मानला. नावंगावंही झाकली, प्रत्येक बागेला नुसता क्रमांक दिला. कोणता क्रमांक कुणाचा हे फक्त तुला माहीत आहे, आणि ते तुझ्याकडेच राहावं हेही ठरलेलं. म्हणून मी इथे बसून कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. त्या माणसांकडे जाऊन ‘तुमी कसा विकता?’ हे तूच विचारू शकतेस. मला ते चहा पाजतील, तुला खरं सांगतील.

तू म्हणायचीस, निबंध छापलाय, ज्याला वाचायचा तो वाचेल, आणखी काय उघडं करायचं? सीमा, निबंध वाचून झालावाडच्या त्या मुलीला काही कळलं नसतं. ताटात वाढलेली भाजी बघून ती निवडली कशी, धुतली की नाही, हे कुणाला कळतं? तिला आपलं स्वयंपाकघर दिसलं म्हणून खडा सापडला. खुला डेटा म्हणजे मला एवढंच म्हणायचं होतं. नुसता निष्कर्ष नाही, तर मूळ नोंदी, त्या कशा घेतल्या, काय सोडलं, गणित कोणतं केलं, हे सगळं कुणालाही विनापरवानगी घेता यावं, तपासता यावं, आपल्या कामाला लावता यावं. आणि ज्यांच्या नोंदी आहेत त्यांना त्याचा त्रास होऊ नये. तू मला बोलू दिलंस तर ना! दिवाळीत तू दार आपटलंस त्याचा आवाज अम्मीनं आतल्या खोलीत ऐकला आणि विचारलं, मांजर आलं का.

काकांना फोन केलास का?

महेजबीन


अकोला, ८ मार्च २०१६

सीमा,

मी काल तुझ्या गावी जाऊन आले. चिड, खुशाल चिड.

नईमच्या गाडीत पुढे बसून गेले. रस्त्यानं दोन्ही बाजूंना काढून टाकलेल्या बागा दिसतात आता, मुळं वर करून पडलेली झाडं, लाकडाचे ट्रॅक्टर. सगळं काही आपल्यामुळे नाही, पाणीच नाही विहिरींना, हे मला कळतं. तरी प्रत्येक ढिगाकडे बघताना वाटायचं, यानं आपलं कात्रण वाचलं असेल का?

तुमच्या बागेतली रस्त्याकडची ओळ गेली आहे, सीमा. जेसीबीवाला शेजारी आला होता, काकांनी त्याला म्हटलं, आलाच आहेस तर एवढी काढ. काकू आत जाऊन बसल्या होत्या. मला बघून बाहेर आल्या, पाणी दिलं आणि परत आत गेल्या.

काकांबरोबर बागेत फिरले. झाडं सुकलेली आहेत, पण मेलेली नाहीत. मी त्यांना सालांचा घोळ सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरत. मग म्हणाले, “म्हंजे माह्या पोरीनं खोटं लिहिलं म्हनतेस?”

मी म्हटलं, “खोटं नाही काका. सालं मिसळली. दोघींकडून.”

“हे तू म्हनतेस. ते काय म्हनते?”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

“माह्याशी तरी कुठी बोलते? फोन केला का कामात हाये म्हनते.” मग कातरलेली सुपारी तोंडात टाकली. “हे पाय पोरी, तुह्या बोलन्यावर मी नाई थांबनार. राग नको मानू. माह्या पोरीनं लिहिलं म्हून काढून राहिलो. मोठी झाली ते, पेपरात आली, आन् तिच्याच बापानं ऐकलं नाई असं गावात नको. तिनं सोता येऊन म्हनलं का चुकलं, तं ठेवतो. नाई तं होळी झाली का काढतो.”

मला रडायला आलं आणि त्यांचा रागही आला. बागेपेक्षा लेकीचा शब्द मोठा धरून बसलेत आणि लेकीला पत्ता नाही. म्हणजे पत्ता आहे, कारण पोस्ट परत येत नाही.

तू का गप्प आहेस याचा मला अंदाज आहे. एप्रिलमध्ये तुझी कायम नोकरीची मुलाखत आहे. अर्जात सगळ्यात वर हाच निबंध असणार. आता स्वतःच्या हातानं ‘आमचं चुकलं’ म्हणायचं म्हणजे जड जाणारच. मलाही गेलं. माझी नोकरी कायम आहे, म्हणून मला हे सांगणं सोपं आहे असं तू म्हणशील, आणि ते खरंच आहे. पण मी तुझ्या वतीनं काही जाहीर करणार नाही. नोंदींवर ‘सालांबद्दल शंका आहे, निष्कर्ष सध्या वापरू नये’ एवढी सूचना मी माझ्या नावानं लावली आहे, कारण आणखी कुणी झाडं काढायला नकोत. त्याहून पुढचं तुझ्याशिवाय होत नाही.

तुझी बाग म्हणून सांगत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, तुझी बाग म्हणूनच सांगते. शेवटच्या फेरीत आपण दोघी त्याच बागेत जेवलो होतो, काकूंनी दिलेला ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तू हसून हसून वाकली होतीस. ती झाडं जेसीबीच्या दातांत मला बघवणार नाहीत.

होळी तेवीसला आहे.

महेजबीन


अकोला, २१ मार्च २०१६

सीमा! सीमा!

सकाळी कॉलेजात गेले, सवयीनं आपल्या नोंदींचं पान उघडलं आणि तिथे नवी आवृत्ती. वर तुझं नाव.

मला आधी वाटलं कुणीतरी काहीतरी बिघडवलं. मग खाली वाचत गेले. प्रत्येक मृगाच्या नोंदीपुढे दोन सालं, फुलाचं वेगळं, फळाचं वेगळं. कोण कसा विकतो हे कुठेही नाही आणि तरी काम पूर्ण! हे मला सुचलं नव्हतं. व्यापाऱ्याला काही कळणार नाही आणि गणित करणाऱ्याला हवं ते सगळं मिळेल. बाई, तू रागावलेली असताना जास्त हुशार असतेस.

आणि ती टीप. ‘सर्वेक्षणात साल विचारताना फुलाचं की फळाचं हे आम्ही स्पष्ट केलं नाही. त्यामुळे जुन्या झाडांविषयीचा आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. तो मागे घेत आहोत. ही चूक झालावाडच्या किरण धाकड यांनी दाखवली.’ खाली तुझं नाव आणि मग माझं. मी ते वाचलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत टेबलावर डोकं टेकून रडले. वाकोडे सर घाबरून पाणी घेऊन आले. त्यांना काय सांगू, संत्र्याची झाडं म्हातारी नाहीत म्हणून रडतेय?

लगेच गणित केलं. नव्या सालांनी पाऊस आणि फळ शेजारी ठेवलं, आणि जुन्या बागा नव्यांच्या हातात हात घालून चालायला लागल्या. जरा कमी फळ देतात, म्हातारपण अगदीच नाही असं नाही, पण पाऊस झाला की त्या वर्षी धरतात. सहा वर्षांचं तुझं ऊन वाया गेलं नाही ग. उलट आत्ता कुठे ते नीट बोलायला लागलं.

किरणला कळवलं. तिचं उत्तर आलं, “हमारे यहाँ भी यही गड़बड़ निकली, मैडम। हम भी ठीक कर रहे हैं।” म्हणजे त्यांच्या तक्त्यांतही तोच घोळ होता! आपल्या नोंदी तपासता तपासता तिला स्वतःचीही चूक सापडली. आणि अमरावतीतून भूजलावर काम करणाऱ्या एकाचं पत्र आलंय, त्याला आपण बागांबरोबर घेतलेल्या विहिरींच्या नोंदी हव्यात. म्हटलं, घ्या, विचारता कशाला, तिथेच आहेत.

मला इतकं हलकं वाटतंय की संध्याकाळी अम्मीला न विचारता जिलेबी आणली.

एकच गोष्ट माहीत नाही. तू काकांकडे गेलीस का? नईमची गाडी या आठवड्यात तिकडे नाही, आणि काकांना फोन करायची माझी हिंमत होत नाही. जेसीबी आला असेल तर ते मला फोनवर ऐकायचं नाही. होळी परवा आहे. तू रागातच राहा, आयुष्यभर राहा, पण एवढं एक कळव.

महेजबीन


शेंदूरजनाघाट, ९ मे २०१६

महे,

तुझी चारही पत्रं मिळाली. पोस्टमन शेवटी म्हणाला, “अकोल्याले कोन हाये मॅडम, लयच लिहून राहिले.” म्हटलं, एक डोकेदुखी आहे.

उत्तर दिलं नाही, कारण पहिलं पत्र वाचल्याबरोबर मला कळलं होतं की तू बरोबर आहेस आणि ते तुला लिहून देण्याइतकं मन मोठं झालं नव्हतं. पण हातावर हात ठेवून बसले नव्हते. प्रत्येक रविवारी गावं फिरत होते, जुन्या बागांची माणसं गाठून विचारत होते. एकानं तर मला विचारलं, “मंग आमी तवाच सांगतलं असतं, तुमी इचारलं कुठी?”

होळीच्या आदल्या संध्याकाळी घरी आले. बाबा ओसरीवर होते. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खिशातून ते कात्रण काढलं, बघितलं, परत ठेवलं आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. “नको येऊ बावा. पोरीनं दुरुस्त केलं.” एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, रस्त्याकडच्या ओळीपायी. ती ओळ मी कशी भरून देऊ, महे? ते मला आयुष्यभर दिसणार आहे.

मुलाखत झाली. समितीतल्या एका बाईंनी तीच गोष्ट काढली. म्हणाल्या, स्वतःचा निष्कर्ष स्वतःच मागे घेतलात, असं फार कुणी करत नाही. मी म्हटलं, नोंदी सगळ्यांसमोर होत्या, कुणीतरी केलंच असतं, म्हटलं आपणच करावं. त्या हसल्या. चांगलं हसल्या की वाईट, अजून कळलं नाही. निकाल जूनमध्ये.

व्यापाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. यापुढे काहीही खुलं करायचं असेल तर आधी ज्यांच्या बागा आहेत त्यांना बसवून दाखवायचं, मग नेटवर. यावर मी भांडणार आहे आणि तू ऐकणार आहेस. तुझा नंबर कालच उघडला आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शनिवारी इथे आले आणि सरळ बागेत गेले. पानं मलूल होऊन वळलेली, झाडांभोवतीची आळी कोरडी ठक्क, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर. टँकर आठवड्यापासून बंद. महे, मला वाटलं बाबांनी बाग सोडून दिली. मेमध्ये मृगासाठी बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात म्हणजे पावसाबरोबर फुलं फुटतील, हे मला का माहीत नाही? पण या वर्षी गावात किती तरी जणांनी असंच पाणी तोडलंय, आशा सोडून, झाडं जळू द्यायला. दोन्ही बागा बाहेरून एकसारख्याच दिसतात. पानांवरून मला सांगता येईना, बाबांची कोणती.

ते विहिरीजवळ फावडं घेऊन आळी मोकळी करत होते. मी जाऊन उभी राहिले. शेवटी विचारलं, “बाबा, पानी काहून तोडलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत नापास होऊन आलेय.

“काहून म्हंजे? औंदा मृग नाई धराचा का?”

सीमा